उत्तर न आलेल्या ओळी

३ फेब्रुवारी, सोमवार

दैनंदिनी लिहिणं मला कधी पटलं नाही. दिवस एकदा जगून झाला की तो पुन्हा कागदावर कशाला मांडायचा? तरी आज वही काढावी लागली. श्रवणकेंद्रात नोंदी सांभाळणारी मुलगी बाळंतपणासाठी ठरल्यापेक्षा बरीच आधी रजेवर गेली आणि कोषाध्यक्षांनी तिचं काम माझ्या गळ्यात घातलं. शाळेत शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे रोज मदतीला जातेच. महिनाअखेरीला विश्वस्तांची बैठक आहे. तिथे मला उत्तरं द्यायची आहेत, म्हणून रोज काय केलं ते लिहून ठेवते. घरी बोलून ठेवलं असतं, पण हे हल्ली सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि स्वतः काही म्हणत नाहीत. त्यापेक्षा वही बरी.

काम असं आहे. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना केंद्र कानाचं मशीन देतं. मशीन दिल्यावर त्यांच्या घरी जाऊन ते नीट बसवणारी, साफ कसं करायचं ते दाखवणारी एक बाई आहे. सगळे तिला कानवाली म्हणतात आणि तीही फोनवर ‘मी कानवाली बोलतेय’ असंच सांगते. कोषाध्यक्षांचं म्हणणं, लोक समाधानी असतील तर या घरभेटी हव्यात कशाला? घरभेटी बंद म्हणजे कानवालीची नोकरी बंद. समाधानी किती, हा आकडा मी काढून द्यायचा.

माझं मत विचाराल तर लोक समाधानी असतील तर बंदच कराव्यात. भावनेवर संस्था चालत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आकडा मिळाला. तक्ता तयारच होता, शेवटच्या ओळीत सूत्रही लावलेलं होतं. गेल्या दोन वर्षांत मशीन दिलेले लोक ४१२. प्रत्येकाला फोन करून ‘मशीन वापरता का, बरं आहे का’ असं विचारलेलं. उत्तराच्या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’. सूत्र भरलेले खाने मोजतं, त्यातून ‘नाही’ वजा करतं. ‘नाही’ म्हणणारे २३. राहिले ३८९. शेकडा चौऱ्याण्णव समाधानी.

कोषाध्यक्षांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “बघा, मी म्हणत नव्हतो?” मग कानवालीचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे याचा मसुदाही मलाच करायला सांगितला. माणूस कामात चोख आहे, पण घाई फार.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, तुमचं नकाशे काढायचं ते उतरतं टेबल माझ्या शाळेला देऊन टाकते, त्या जागी मला कॉम्प्युटर ठेवता येईल. हे खिडकीतून खाली बघत होते. मान हलवली. हरकत नाही म्हणायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात हेच काम करते, दिवसभर तक्ते आणि आकडे. कौतुकाने तिला चौऱ्याण्णव सांगितले.

“आई, रिकामे किती आहेत?”

“एकही नाही. रिकामे मोजायचं सूत्र लावलं, शून्य आलं.”

“चारशे बारा लोकांनी फोन उचलला? सगळ्यांनी? अगं, इथे आमच्या ऑफिसातली माणसं माझा फोन उचलत नाहीत.”

“आमच्याकडे शिस्त आहे.”

“शिस्त फोन करणाऱ्याला असते गं, उचलणाऱ्याला कुठली? आणि रिकामा खाना वेगळा, रिकामा दिसणारा वेगळा. बघ एकदा. बाबांना दे.”

ह्यांनी रिसीव्हर कानाला लावला, “हो, हो, मजेत, तू कशी आहेस?” म्हणाले आणि लगेच परत माझ्या हातात दिला. पूर्वी बापलेक तासन्‌तास बोलायचे. वय झालं की माणूस कमी बोलतो. बरंच आहे ते. शेजारच्या घरी टीव्ही असा गरजतो की भिंती हलतात. आमच्याकडे हे आवाज बंद करून बातम्या बघतात, खालची अक्षरं वाचतात. सगळ्यांनी शिकावं असं वागणं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुलीचं म्हणणं मनातून जाईना म्हणून तक्ता वरपासून नजरेखालून घातला. पुष्कळ खाने रिकामेच दिसले. म्हणजे सूत्र शून्य सांगतंय आणि माझे डोळे वेगळं सांगताहेत. कॉलेजात मी संख्याशास्त्र घेतलं होतं. तेव्हा यंत्राचा दांडा फिरवून बेरजा करायचो, पण आकडा आणि डोळे यांचं जमलं नाही तर आधी आकड्याकडे संशयाने बघायचं, एवढं तेव्हाच शिकवलं होतं.

एका रिकाम्या खान्यावर दोनदा क्लिक केलं. कर्सर डाव्या कडेला उभा राहायला हवा होता. तो एक पाऊल आत उभा होता. दुसरा खाना, तेच. तिसऱ्यात दोन पावलं आत.

फोनचं काम करणाऱ्या वहिनींना बोलावलं. दोन लेकरांची आई, तोंडाने खट्याळ, कामाला वाघ.

“वहिनी, यात काय टाकलंय?”

“काही नाही, बाई. स्पेस.”

“का?”

“फोन उचलला नाही तर काय लिहू? खाना मोकळा सोडला की कॉम्प्युटर लाल पट्टी दाखवतो, ‘उत्तर भरा’. पुढच्या ओळीवर जाऊच देत नाही. ते कोषाध्यक्षांनी लावून घेतलंय, कोणी आळस करू नये म्हणून. ‘हो’ लिहिलं तर खोटं, ‘नाही’ लिहिलं तर खोटं. मग मी स्पेस मारते. आणि माझ्या वहीत लिहिते, ‘उचलला नाही’.”

“मला सांगायचं नाही?”

“तुम्ही विचारलं कुठे? आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, तर म्हणाले, लाल पट्टी गेली ना, मग झालं.”

तिचा तर्क बरोबर होता. तिने खोटं एकही अक्षर लिहिलं नव्हतं. तिची मोकळी जागा सूत्राला भरलेली दिसली, आणि भरलेली आहे व ‘नाही’ नाही म्हणजे समाधानी, असं सूत्राने धरलं.

दुपारभर बसून ‘हो’ वेगळे मोजले. ‘हो’ २०३. ‘नाही’ २३. नुसती मोकळी जागा १८६.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कोषाध्यक्षांना केंद्रात बोलावून तक्ता दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो बराच वेळ बघितला.

“ठीक आहे, ते एकशे शहाऐंशी काढून टाका. ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यातच बघा. दोनशे तीन भागिले दोनशे सव्वीस. नव्वद टक्के होतात, बाई. चौऱ्याण्णव काय, नव्वद काय.”

हिशेब बरोबर होता. मीही क्षणभर मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कानवाली कुणाच्या तरी मशीनमधला मळ बारीक तारेने काढत होती, ती मान वर न करता म्हणाली, “साहेब, फोन कोण उचलतो?”

“म्हणजे?”

“ज्याला घंटा ऐकू येते तो.”

कोषाध्यक्षांनी चष्मा खाली घेतला. मी पेन्सिल खाली ठेवली.

ज्याचं मशीन नीट चालतं त्याला फोन ऐकू येतो, म्हणून तो उत्तर देतो. ज्याचं चालत नाही त्याची ओळ मोकळी राहते. म्हणजे मोकळ्या ओळी समाधानी धरल्या तरी चूक आणि मोजणीतून काढून टाकल्या तरी चूकच. तिसरा हिशेब केला. ४१२ पैकी नक्की समाधानी म्हणता येतील असे २०३, शेकडा एकोणपन्नास. त्याच ओळी, तेच लोक, आणि आकडे तीन: चौऱ्याण्णव, नव्वद, एकोणपन्नास. खरा आकडा एकोणपन्नास आणि चौऱ्याण्णवच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तो कुठे ते माझ्या कॉम्प्युटरला माहीत नाही.

कोषाध्यक्ष म्हणाले, “विश्वस्तांना एक आकडा लागतो, मध्ये कुठेतरी असं नाही चालत.”

मी म्हटलं, “मग जाऊन विचारावं लागेल.”

“कोण जाणार?”

“मी.”

कानवाली हसली. “बाई, जिने चढावे लागतात हं.”

१३ फेब्रुवारी, गुरुवार

१८६ ओळी वेगळ्या काढल्या. सातव्या ओळीपासून सुरू करून दर नववी ओळ घेतली. वीस घरं आली. कानवाली म्हणत होती की जवळजवळची घरं घेऊ. तिला समजावलं की आपल्या सोयीची घरं घेतली तर आकडाही आपल्या सोयीचा येतो. “बाई, तुम्ही वर्गात छड्या मारायचात का?” एवढंच म्हणाली, पण यादी मान्य केली.

शाळेची माणसं टेबल न्यायला आली. हे दारात आले, टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले आणि “हे कुठे चाललंय?” म्हणाले. मी म्हटलं, आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं, तुम्ही मान हलवली होती. माणसांसमोर वाद नको म्हणून असेल, हे बाजूला झाले. विसरायला लागलेत. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नऊ घरं झाली. पाय दुखताहेत, लिहिते थोडक्यात.

पहिलं घर एका शिंप्याचं. मशीन कपाटात, डबीत, डबी रुमालात, रुमालाला गाठ. “पाहुणे आले की घालतो,” म्हणाला. “एरवी शिवणयंत्राचा आवाज डोक्यात घण मारतो.” कानवालीने आवाजाची पट्टी खाली आणली आणि त्याला यंत्र चालवून बघायला लावलं. अर्धी चोळी शिवून झाल्यावर तो म्हणाला, “आता नुसता पंखा वाटतोय.”

चौथ्या घरी एक म्हातारी. मशीन ठणठणीत, तिला सगळं ऐकू येतं, फोनही. “मग उचलत का नाही?” तर म्हणाली, “माझी जाऊ करते दिवसातून पाच वेळा. तुमचा कुठला, तिचा कुठला, कसं ओळखू?” तिला ‘हो’मध्ये लिहिलं. कानवालीला बजावलं की मोकळी ओळ म्हणजे ‘नाही’ असंही धरायचं नाही. ती म्हणाली, “ते मी कुठे धरते? तुम्हीच चौऱ्याण्णव धरले होते.”

सातव्या घरी मुलगा दारात आला. वडील मागच्या पावसाळ्यात वारले. आम्ही दोघी थोडा वेळ बसलो. आमच्या तक्त्यात ते समाधानी होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज जे घर बघितलं ते सविस्तर लिहायला हवं, कारण ते विश्वस्तांना सांगणार आहे.

सून बोलत होती, सासरे खुर्चीत. मी जे विचारावं त्याचं उत्तर सून देई. “मशीन? त्याची गरजच नाही हो त्यांना. मजेत आहेत. कसली म्हणून तक्रार नाही. पूर्वी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचे, आता जे म्हणू ते हो.”

कानवाली त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, खिशातून नवी बॅटरी काढली, मशीनचा साचा, म्हणजे कानात बसणारा भाग, पुसला आणि कानात बसवला. मग त्यांच्याकडे बघत हळू आवाजात विचारलं, “आबा, मजेत ना?”

म्हाताऱ्याने आधी सुनेकडे बघितलं. मग म्हणाला, “अंगणातलं झाड का तोडलं?”

“तुम्हाला विचारलं होतं, मामंजी,” सून म्हणाली. “तुम्ही हो म्हणालात.”

“मी कशाला हो म्हणतोय?”

बाहेर पडल्यावर जिन्यात मी म्हटलं, माणसाने बोलायला हवं, न बोलता लोकांना कसं कळणार. कानवाली दोन पायऱ्या पुढे होती. “बाई, ज्याला प्रश्नच ऐकू गेला नाही तो काय बोलणार? चारदा ‘काय म्हणालात’ विचारलं की घरचे वैतागतात. पाचव्यांदा माणूस मान हलवतो. सोपं पडतं.”

त्या सुनेला मी चार शब्द सुनावले नाहीत, याची चुटपुट लागली आहे. घरात माणूस बहिरा होतो आणि बरोबर राहणाऱ्यांना पत्ता नाही, हे मला तरी समजण्यापलीकडचं आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वीस घरं पूर्ण. वापरतात आणि खूश आहेत: ६. कधीमधी वापरतात, किरकोळ दुरुस्ती केल्यावर बरं वाटलं: ३. कपाटात, डबीत किंवा गादीखाली: ९. वारले: १. घर बदलून गेले: १.

कानवाली तिचे टिपणांचे कागद द्यायला घरी आली होती. मी चहा ठेवायला आत गेले. परत येते तर ही बाई ह्यांच्याशी तोंडावर हात धरून बोलतेय. हे हसून “हो, हो” म्हणताहेत. मग तिने हात काढला आणि काहीतरी विचारलं, तर ह्यांनी सरळ उत्तर दिलं, जुन्या नकाशांबद्दल, चांगली पाच-सहा वाक्यं. इतकं तर हे माझ्याशी महिन्यात बोलत नाहीत.

जाताना दारात मला म्हणाली, “बाई, तुमचं घर माझ्या रस्त्यावरच आहे. कधीही सांगा.”

काय सांगायचं? आणि तोंडावर हात धरून बोलायची ही काय पद्धत?

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी हे खिडकीत पाठमोरे बसले होते. मी दारातून नेहमीच्या आवाजात म्हटलं, “उद्यापासून आपण छपरावर राहायला जाऊ या.”

“हं. चालेल.”

“बरोबर दोन हत्ती घेऊ.”

“हो.”

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि पुन्हा तेच म्हटलं, त्याच आवाजात. हे माझ्या ओठांकडे बघत होते. ते असे बघतात हे मला माहीत होतं. मला वाटायचं, लक्ष देऊन ऐकताहेत.

“छपरावर?” हे म्हणाले. “तुझ्या गुडघ्यांना झेपेल का?”

हसू आलं, पण हसले नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोनेक वर्षं. हळूहळू.”

“मला सांगायचं नाही?”

“तू रोज तिथे जातेस,” हे म्हणाले. “म्हटलं, तुझ्या लक्षात येईल. मग वाटलं, आलं असेल, आणि तू मुद्दाम बोलत नसशील.”

टेबल, पत्ते खेळायला मित्रांकडे जाणं ह्यांनी बंद केलं ते, मुलीकडे उन्हाळ्यात न जाण्याचं ठरवलं ते, या वहीत आणि वहीच्या बाहेर मी ‘ह्यांची हरकत नाही’ म्हणून जे जे धरलं, त्याची यादी करायला बसणार होते. केली नाही. मोजण्याची रीतच चुकीची असेल तर बेरीज करून काय मिळणार? शाळेत फोन केला. टेबल चित्रकलेच्या वर्गात लागलंय, मुलं वापरताहेत, म्हणाले. ह्यांना समोर बसून सांगितलं. “राहू दे तिथेच,” म्हणाले. हा मात्र खरा होकार. मी दोनदा विचारून घेतला.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “आई, मला वाटायचं, बाबांना माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो.”

दुपारी व्हिडिओवर बापलेक बोलले. तिने तोंड कॅमेऱ्यासमोर आणून सावकाश बोलायचं असं ठरलं. ती इतकी सावकाश बोलत होती की हे म्हणाले, “मी बहिरा झालोय, मठ्ठ नाही.”

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल पुन्हा लिहिला. उत्तरं तीन प्रकारची ठेवली: हो, नाही, माहीत नाही. वहिनींच्या तक्त्यातली लाल पट्टी काढून टाकली. आता खाना मोकळा राहू शकतो, आणि फोन लागला नाही तर निवडायला ‘उचलला नाही’ असा पर्याय आहे. सूत्र बदललं. ‘हो’ असतील तेवढेच ‘हो’ मोजायचे, वजाबाकी करून समाधानी काढायचे नाहीत, आणि शेजारच्या खान्यात माहीत नसलेल्यांची संख्या तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे आता माझी स्पेस बंद?” बंद.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, “बाई, एका वाक्यात सांगा. लोक समाधानी आहेत का?”

“निम्म्या लोकांचं माहीत आहे, ते आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेकांचं आपल्याला माहीत नाही. त्यातली वीस घरं बघितली, नऊ मशीनं कपाटात होती.”

“म्हणजे घरभेटींचा उपयोग नाही असंही म्हणता येईल,” एक विश्वस्त म्हणाले. “भेटी देऊनही कपाटातच.”

मी टिपणं पुढे केली. त्या नऊ घरी मशीन दिल्यानंतर एकही भेट झालेली नव्हती. कानवाली एकटी, घरं चारशे. तिला ज्यांनी फोन करून बोलावलं त्यांच्याकडे ती गेली. फोन करणारे पुन्हा तेच, ज्यांना ऐकू येतं.

कोषाध्यक्षांकडून आभाराचा मसुदा परत मागावा लागेल असं वाटलं होतं. त्यांनीच तो फाईलमधून काढला, घडी घातली आणि म्हणाले, “लाल पट्टी मी लावली होती. सहा महिने भेटी चालू ठेवू. आधी मोकळ्या ओळी, मग बाकीचे. त्यानंतर पुन्हा मोजू.” कायमचं नाही, सहा महिने. कानवालीला सांगितलं, तर म्हणाली, “सहा महिने पुरे आहेत, बाई. जिने तेवढे कमी असते तर बरं झालं असतं.”

काल संध्याकाळी ह्यांना विचारलं, तपासणी करायची का? त्यांच्या वतीने मीच उत्तर देण्याच्या बेतात होते. तोंड मिटलं. हे म्हणाले, “विचार करून सांगतो. त्या बाईंना येऊ दे आधी.”

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नोंदींचं काम सोडलं. पुढे नोंदी वहिनी बघतील. त्यांच्या हवाली केलं ते असं:

नोंदींच्या कपाटाच्या किल्ल्या, दोन.

दुरुस्त केलेला तक्ता, ४१२ ओळींचा, आणि जुना तक्ता जसाच्या तसा, कोणी विचारलं तर दाखवायला.

सूत्रांचा एक कागद, माझ्या अक्षरात. वर लिहिलंय: आधी ओळी मोजा, मग उत्तरं मोजा, दोन्हींत फरक आला तर लपवू नका.

वीस भेटींची टिपणं, कानवालीच्या सहीसह.

कानवालीच्या हाती दिली ती घरभेटींची यादी. राहिलेली १६६ घरं, रस्त्यांप्रमाणे लावून. तिच्याखाली १६७वी ओळ मी स्वतः लिहिली आहे. पत्ता आमचा. वय एकाहत्तर. मशीन अजून नाही. भेटीची वेळ बुधवारी सकाळी, कारण त्या वेळी मी घरी नसते. उत्तराचा रकाना मोकळा ठेवला आहे. तो ते स्वतः भरतील.